स्वयंपाकघर नवं करतोय: वायरिंग सगळी बदलावी की जुन्यातच पॉइंट वाढवावेत?

निरगुडी
नमस्कार मंडळी,
कोथरूडमधला आमचा फ्लॅट १९९१ सालच्या इमारतीतला आहे. ओटा, टाइल्स, कपाटं सगळं काढून स्वयंपाकघर नवं करायचं ठरलंय. ग्रॅनाइट पसंत केला, सुतार ठरला, सोसायटीची परवानगीही आली. गाडी अडलीय ती वायरिंगवर.

सध्या ओट्यावर एकच बोर्ड आहे, त्यात ६ अँपिअरचे दोन सॉकेट. फ्रिजचा एक पॉइंट आणि दाराशी दिवा-पंख्याचा बोर्ड, संपलं. नव्या ओट्यावर इंडक्शन, मायक्रोवेव्ह, मिक्सर, किटली, चिमणी, पाण्याचा प्युरिफायर आणि पुढेमागे डिशवॉशर असं सगळं चालायला हवं.

आमचा नेहमीचा वीजतंत्री म्हणतो, "ताई, जुन्या बोर्डातल्याच वायरला जोड देऊन लूप मारून देतो, भिंत कशाला फोडता?" दिरांचं म्हणणं की सगळं उखडून नवीन करा. सासूबाईंची एकच अट आहे, मिक्सर खिडकीपाशी हवा. मला स्वतःला वाटतं की टाइल्स निघाल्याच आहेत तर भिंतीच्या आतलं आत्ताच नीट करून घ्यावं, कारण पुढची वीस वर्षं त्या भिंतीला कोणी हात लावणार नाही. पण "भिंतीतल्या कामावर पैसे घालू नका" असं सांगणारेही खूप भेटले.

वायर किती जाडीची घ्यावी? पॉइंट कुठे आणि किती? विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा तो आरसीसीबी लागतोच का? ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

चहाबाज
किती पॉइंट लागतील ते मोजा आणि त्यात तीन मिळवा. त्यातला एक चहाच्या किटलीचा, तो माझ्याकडून.

तारतंत्री
निरगुडीताई, माझा जन्म याच कामात गेला. आयटीआय केल्यापासून निवृत्तीपर्यंत तारा ओढल्या, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी लूपचं बोलू. तुमच्या ओट्यावरच्या बोर्डाला त्या काळच्या पद्धतीने एक किंवा दीडची (म्हणजे तेवढ्या चौरस मिलिमीटरची) वायर आलेली असणार. तेव्हा ओट्यावर मिक्सर सोडला तर काही नसायचं, त्यामुळे ते तेव्हा बरोबरच होतं. आता हिशोब करा. इंडक्शन २००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर. किटली १५०० वॅट, साडेसहा अँपिअर. मायक्रोवेव्ह साधा असला तरी १२०० ते १४०० वॅट ओढतो, कन्व्हेक्शनवर त्याहून बराच जास्त. सकाळी डब्याच्या घाईत हे तिन्ही एकदम चालले की वीस-एकवीस अँपिअर झाले. आणि हे सगळं दीडच्या एका तारेतून, वर मध्ये लूपचे चार जोड. तार गरम होते ती भिंतीच्या आत, आपल्याला दिसत नाही. सगळ्यात आधी जोड जळतो. बोर्ड पिवळा पडलेला, वास येणारा, स्विच चरचरणारा हे सगळे त्याच वाटेवरचे टप्पे.

म्हणून लूप नको. स्वयंपाकघरात डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण बोर्डापासून) स्वतंत्र लाइनी आणा. माझ्या मते अशा:

इंडक्शनला स्वतःची लाइन, चारची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). ओट्यावरच्या बाकी १६ अँपिअरच्या सॉकेटना दोन लाइनी, अडीचची वायर, प्रत्येकी १६ चा एमसीबी, आणि मायक्रोवेव्ह व किटली एकाच लाइनीवर येणार नाहीत अशी वाटणी. डिशवॉशरची लाइन आत्ताच टाकून ठेवा, यंत्र आणाल तेव्हा आणा. फ्रिज वेगळा. दिवे, पंखा, चिमणी आणि प्युरिफायर हा हलका भार, त्याला दीडची पुरते.

एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो. तो पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा लावून देणारे बहाद्दर मी पाहिलेत. तसं करणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका.

सह्यपठार
तारतंत्री काकांशी तत्त्वतः सहमत, पण "सगळं उखडा" हा सल्ला सरसकट नको. आमचं बदलापूरचं वन बीएचके. भिंतीतले पाइप धड होते. आमच्या माणसाने जुन्या वायरच्या टोकाला नवी वायर बांधली आणि ओढून काढली. एक छिन्नी लागली नाही, धूळ नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. ओट्याच्या दोन लाइनी अडीचच्या झाल्या, डीबी बदलला, काम संपलं. प्रत्येकाकडे टाइल्स काढण्याएवढा पैसा नसतो.

तारतंत्री
सह्यपठार, तुमचं काम योग्यच झालंय. पाइप मोकळा असेल, वायर सरकत असेल तर भिंत फोडायचं कारण नाही. फक्त पाऊण इंची पाइपात आधीच चार तारा असताना आणखी सहा कोंबायच्या नाहीत. कोंबलेल्या तारांना उष्णता बाहेर टाकायला जागा राहत नाही आणि ओढताना वरचं आवरण सोललं जातं. निरगुडीताईंकडे टाइल्स निघणारच आहेत, पॉइंटच्या जागाही बदलतायत, म्हणून त्यांना नवीन पाइप सांगितले.

खाराजमीन
कोकणातली गोष्ट वेगळी आहे. मालवणजवळ आमचं घर चिऱ्याचं, आतल्या काही भिंती मातीच्या. त्यात पाइपासाठी झिरी (खाच) मारायला गेलं की अर्धी भिंत हातात येते. आम्ही पाइप भिंतीवरूनच उघडे नेले, कडेला सरळ रेषेत, आणि भिंतीच्या रंगात रंगवले. पाहुणे विचारतात, "असा मुद्दाम केल्यात काय?" छान दिसतं. आणि काही बिघडलं तर समोर दिसतं, ते कौतुक निराळंच.

दमट हवेसाठी दोन गोष्टी. भिंतीत बसवायचा पत्र्याचा बॉक्स पावसाळ्यात गंजतो, स्क्रू बसायचा कान गळून पडतो आणि बोर्ड लोंबकळतो. आम्ही प्लॅस्टिकचे बॉक्स वापरले. दुसरं, मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात विजा कोसळतात, तेव्हा फ्रिजचा पिन काढायला हात पोचला पाहिजे. फ्रिजच्या पाठीमागे सॉकेट ठेवला की भर पावसात कपाटाएवढा फ्रिज ओढत बसावं लागतं.

निरगुडी
खाराजमीन, फ्रिजच्या पिनचं डोक्यातच नव्हतं. आमचा प्लॅन काढणाऱ्या मुलीने सॉकेट बरोबर फ्रिजच्या मागे दाखवलाय. बाजूला घ्यायला सांगते.

डबेवाली_नाशिक
मी घरून डबे देते, रोज पहाटे साडेचारला ओटा सुरू होतो. माझं सांगणं तारांबद्दल नाही, जागांबद्दल आहे. कारण वायर किती जाड हे वीजतंत्री सांगेल, पण पीठ मळताना हात कुठे पोचतो हे त्याला माहीत नसतं.

कपाटं ठरायच्या आधी एक दिवस पूर्ण स्वयंपाक करा आणि खडूने भिंतीवर खुणा करा. मिक्सर कुठे ठेवून लावता, कणिक कुठे मळता, डबे कुठे भरता, ताट कुठे वाढता. मिक्सरचं भांडं बेसिनला जवळ हवं म्हणजे धुवायला सोपं, पण सॉकेट नळापासून कमीत कमी दोन फूट लांब. शेगडीच्या थेट मागे किंवा वर सॉकेट नको, फोडणीचं तेल आणि वाफ दोन्ही त्यात जातात. ओट्यापासून साधारण फूटभर वर सॉकेट असला की मिक्सरच्या मागे वायर दबत नाही आणि ओटा पुसताना पाणी लागत नाही.

सासूबाईंचं खिडकीपाशी मिक्सर हवा हे म्हणणं मला शंभर टक्के पटलं. आवाज बाहेर जातो आणि चटणीचा ठसका घरात कोंडत नाही. फक्त खिडकीतून पाऊस आत येतो का ते बघा. येत असेल तर सॉकेट चौकटीच्या लगत न घेता हातभर आत घ्या.

आणि दिवा! सगळे छताच्या मधोमध एक दिवा लावतात. आपण ओट्याकडे तोंड करून उभ्या राहतो, दिवा पाठीमागे, म्हणजे चिरायच्या भाजीवर आपलीच सावली. वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी घ्या आणि तिचा स्विच ओट्यावरच ठेवा. त्या पट्टीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारी छोटी डबी) कुठे बसणार तेही आत्ताच ठरवा, नाहीतर तो धान्याच्या डब्यांमागे जाऊन बसतो आणि बिघडला की सगळं कपाट रिकामं करावं लागतं.

पोळपाट
डबेवाली ताई, खडूच्या खुणांची कल्पना फारच आवडली. आमच्याकडे पॉइंटच्या जागा घरातल्या तीन पुरुषांनी दिवाणखान्यात बसून ठरवल्या होत्या. इंडक्शनचा सॉकेट ओट्याच्या त्या टोकाला आला जिथे पाण्याची कळशी असते.

चहाबाज
पोळपाट, कळशीतलं पाणी तरी गरम झालं का?

पोळपाट
पाणी नाही, आई गरम झाली.

जर्सीचा_पाऊस
न्यू जर्सीहून लिहितोय. आम्ही मागच्या वर्षी इथलं स्वयंपाकघर नवं केलं. इथला नियम सांगतो, विचार करायला उपयोगी पडेल. ओट्याच्या भिंतीवर कुठेही यंत्र ठेवलं तरी २४ इंचांच्या आत सॉकेट असला पाहिजे, म्हणजे दोन सॉकेटमध्ये चार फुटांपेक्षा जास्त अंतर नको. ओट्यावरच्या छोट्या यंत्रांसाठी २० अँपिअरच्या किमान दोन स्वतंत्र लाइनी हव्यात. आणि ओट्यावरच्या सॉकेटना जीएफसीआय सक्तीचा, जो साधारण ५ मिलिअँपिअरच्या गळतीला तोडतो. परमिट काढायचं, भिंत बंद करायच्या आधी निरीक्षक येऊन बघतो, मगच प्लास्टर. त्या एका भेटीमुळे ठेकेदार किती शिस्तीत राहतो ते बघण्यासारखं असतं.

इथे १२० व्होल्ट असल्याने भारतातून आणलेला मिक्सर चालत नाही, ११० व्होल्टवाला घ्यावा लागतो. पण आईने दिलेला जुना मिक्सर टाकवत नाही, तो माळ्यावर आहे.

तारतंत्री
जर्सीचा_पाऊस, चार फुटांचा नियम आपल्याकडेही पाळावा असाच आहे. म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड ओट्यावर लोळत नाही. ओल्या ओट्यावरचा एक्स्टेंशन बोर्ड पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

ढगफुटी
आरसीसीबीच्या नादी लागू नका. आमच्याकडे बसवला आणि दर दोन दिवसांनी पडायला लागला. एकदा गावाला गेलो असताना पडला, फ्रिजमधलं सगळं नासलं. वीजतंत्र्याने शेवटी बायपास केला, तेव्हापासून निवांत.

कणेरीमठ
ढगफुटी भावा, बायपास करून निवांत कसला? पडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. लई साध्या भाषेत सांगतो. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. मधे ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर तो करंट दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने जमिनीत चाललाय. ती वाट म्हणजे ओलं यंत्र असेल, नाहीतर तुझ्या घरच्या माणसाचं अंग असेल. एमसीबीला हे कळत नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला एमसीबी पडेल एवढा करंट लागतच नाही.

सारखा पडण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. एक, दोन लाइनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले, जुन्या घरात हे हमखास. दोन, इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलला जोडून ठेवलेला. तीन, गिझरची कॉइल किंवा मिक्सरची मोटर खरंच गळतेय. वीजतंत्र्याला एकेक लाइन बंद करून बघायला सांग, तासाभरात सापडतं.

तारतंत्री
कणेरीमठ, अगदी नेमकं सांगितलंत. ढगफुटी, तो बायपास आजच्या आज काढून घ्या, विनंती आहे. फ्रिजची चिंता खरी आहे, तिला उपायही आहे. फ्रिजची लाइन आरसीसीबीच्या आधीच वेगळी काढा आणि तिला स्वतःचा आरसीबीओ लावा. त्यात एमसीबी आणि गळतीचं संरक्षण दोन्ही एकत्र असतं. मग बाथरूममधला गिझर गळला तर आरसीसीबी पडेल, पण फ्रिज चालू राहील. आणि आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं. दाबून पडला नाही तर तो मेलेला आहे, बदला.

आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग टाळायचं नाही. तीन पिनच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब का असते? प्लग घालताना आधी अर्थ जोडला जावा म्हणून. पण त्या भोकामागे हिरवी तार जोडलेलीच नसेल तर त्या लांब पिनचा काय उपयोग? १९९१ च्या इमारतीत प्रत्येक सॉकेटला अर्थ खरंच पोचलाय का, हे मीटर लावून तपासून घ्या.

ढगफुटी
न्यूट्रलचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि तो लावल्यापासूनच हे सुरू झालं, हे आता लक्षात येतंय. उद्याच बोलावतो.

दुपारचं_ऊन
नागपूरहून. आमच्या इथे ४५ डिग्रीत स्वयंपाकघरात पंखा लावला की शेगडी विझते, नाही लावला की माणूस विझतो. तर एक्झॉस्ट आणि पंख्याच्या पॉइंटचा विचार पहिल्यांदा करा बाप्पा. पंखा शेगडीच्या डोक्यावर न देता ओट्यापासून मागे, दाराकडे सरकवून घ्या. भिंतीवरच्या पंख्याचा एक पॉइंट उभं राहायच्या जागेच्या बाजूला दिला तर वारा पाठीवर येतो, आच हलत नाही.

गॅसबत्ती
गॅसबद्दल कोणीच बोललं नाही. निरगुडी, तुमच्याकडे सिलिंडर आहे की पाइपचा गॅस? सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या कपाटात किंवा त्याच्या शेजारी खाली कुठलाही सॉकेट, स्विच नको. ओट्याखाली डिशवॉशर किंवा प्युरिफायरचा पॉइंट देताना हे नक्की बघा. पाइपचा गॅस असेल तर वरची झडप बंद पेटीत ठेवू नका, हवा खेळती हवी. आणि विजेचे पाइप गॅसच्या नळीला चिकटून नेऊ नका.

गळतीचा वास आला तर दिवा लावायचाही नाही आणि विझवायचाही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते.

निरगुडी
गॅसबत्ती, सध्या सिलिंडर आहे, पाइपचा अर्ज केलाय. ओट्याखालचं आता वेगळ्या कपाटात घेते.

भिंतीआड
मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते. साइटवर जे रोज बघते ते लिहिते.

झिरी मारताना कॉलम आणि बीमला हात लावू द्यायचा नाही. छिन्नी लोखंडाला लागली की थांबायचं, वाट बदलायची. स्वयंपाकघर आणि शेजारच्या खोलीतली भिंत चार इंची असेल तर दोन्ही बाजूंनी समोरासमोर बॉक्स बसवू नका, मधे काहीच उरत नाही. झिरी शक्यतो उभी. आडव्या लांब झिरीने पातळ भिंत कमजोर होते, शिवाय पुढे कोणी खिळा मारताना अंदाज चुकतो. उभी असेल तर "बोर्डाच्या सरळ वर-खाली खिळा नको" एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

पाइप बसवून झाले की प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी उघडी धरून. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती हे फोटोत दिसलं पाहिजे. टाइल लागल्यावर चिमणीसाठी भोक पाडणारा येईल, त्याला हे फोटो दाखवायचे. एका घरी असे फोटो नव्हते आणि ड्रिल थेट पाइपात गेलं. नवी टाइल, नवी लाइन, सगळं पुन्हा.

झिरी बुजवताना जाळी लावून मगच माल भरायचा, नाहीतर वर्षभरात पाइपाच्या रेषेत तडा येतो. आणि प्लास्टर वाळल्याशिवाय वायर ओढू देऊ नका.

चिमणीचा सॉकेट सात फुटांच्या आसपास, धुराड्याच्या आवरणाआड जाईल असा, पण स्विच खाली हाताशी. डिशवॉशरचा सॉकेट यंत्राच्या मागे नको, शेजारच्या कपाटात, पाण्याच्या जोडणीपेक्षा उंचावर.

भागवतकाका_सांगली
वायर कोणी आणायची हाही प्रश्न आहे. आम्ही स्वतः दुकानात जाऊन आणली. भेंडोळं ९० मीटरचं येतं, वायरवर ठरावीक अंतराने आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ छापलेलं असतं, ते वाचून घ्यायचं. आग लागली तर धूर कमी करणारी, एफआरएलएस लिहिलेली वायर घेतली. रंग ठरवून दिले: फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. सगळीकडे एकच रंग वापरून मोकळे होणारे लोक असतात, त्याचा त्रास पुढच्या माणसाला होतो.

जाता जाता, विषय सोडून. आमच्या लहानपणी सागाच्या पट्ट्यांवरून वायर जायची, पितळी क्लिपांनी धरलेली. फ्यूज गेला की वडील स्टुलावर चढायचे, आम्ही मेणबत्ती धरायचो. पोर्सेलीनचा किटकॅट (फ्यूजची तार धरणारा तुकडा) काढायचा, तार बदलायची. "तारेचा एकच केस लाव, दोन लावल्यास तर फ्यूज कशाला म्हणायचा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर तारतंत्रींनी ३२ च्या एमसीबीबद्दल लिहिलंय ते वाचून वडीलच आठवले.

सह्यपठार
भागवतकाका, वायर स्वतः आणणं उत्तम. पण वीजतंत्र्याशी आधीच बोलून घ्या. काहीजण पॉइंटमागे दर लावतात तो मालासकट असतो. मजुरीचा दर वेगळा ठरवून कागदावर घ्या आणि "पॉइंट" म्हणजे नक्की काय ते त्यात लिहा. १६ अँपिअरचा सॉकेट एक पॉइंट की दोन, यावर आमच्याकडे शेवटच्या दिवशी मोठी खडाजंगी झाली.

पोळपाट
अजून एक. ६ आणि १६ दोन्ही पिना बसतात असे सॉकेट हल्ली मिळतात. छोटी पिन त्यात काही ठिकाणी सैल बसते. आमच्या मिक्सरची पिन तशीच सैल होऊन काळी पडली. मिक्सरसाठी साधा ६ अँपिअरचा चांगला घट्ट सॉकेट बरा.

निरगुडी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस घरात हाच धागा मोठ्याने वाचला जातोय. सासूबाईंनी डबेवाली ताईंना खास नमस्कार सांगितलाय.

काल खडू घेऊन पूर्ण स्वयंपाक केला. दोन गोष्टी कळल्या. मला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काम बेसिनच्या डाव्या हाताला होतं, आणि प्लॅनमध्ये तिथे एकही सॉकेट नव्हता. शिवाय सासूबाईंना खांद्याचा त्रास आहे, वरचे स्विच त्यांना लावताच येत नाहीत. म्हणून चिमणी, दिवे आणि प्युरिफायर यांचे स्विच ओट्याच्या पातळीवर घेतोय.

वीजतंत्र्यालाही बोर्ड उघडून दाखवायला लावला. ओट्याच्या सॉकेटला हिरवी वायर होती, पण दुसरं टोक कुठेच जोडलेलं नव्हतं. हे पाहिल्यावर लूपचा विषय घरात कोणी काढला नाही. तो स्वतःच म्हणाला, नवीनच करू.

आता शेवटचा प्रश्न. बिलावर आमचा मंजूर भार ३ किलोवॅट आहे. इंडक्शन आणि डिशवॉशर आले तर तो वाढवून घ्यावा का? आणि लाइनी कितीही टाकल्या तरी मीटरपासून घरात येणारी मुख्य वायर जुनीच आहे, तिचं काय?

तारतंत्री
हा प्रश्न विचारलात याचा खूप आनंद झाला, कारण इथेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. आतल्या लाइनी मोठ्या केल्या आणि मीटरकडून येणारी वायर जुनी बारीक ठेवली तर सगळा भार तिच्यावर येतो. ती वायर आणि मेन स्विच दोन्ही बघून घ्या. इंडक्शन, गिझर आणि एसी एकाच वेळी चालण्याची शक्यता धरा. घरातली सगळी यंत्रं एकदम कधी चालत नाहीत, पण उन्हाळ्यातल्या सकाळी तुमच्याकडे काय काय एकत्र चालेल त्याची यादी करून वॅट जोडा. ती बेरीज तीन किलोवॅटमध्ये बसणार नाही असं मला आत्ताच दिसतंय. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे करा, काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याचा तपासणी अहवाल जपून ठेवा. बेरीज फारच वर गेली तर थ्री फेजचा विचार करावा लागेल, मग स्वयंपाकघराच्या लाइनी तीन फेजांवर वाटता येतात.

कणेरीमठ
टाइल लावायच्या आधी मेगर (तारांचं आवरण शाबूत आहे का ते तपासायचं यंत्र) लावून घ्या ताई. ५०० व्होल्टचा मेगर, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं सगळं तपासायचं, यंत्रं काढून आणि दिव्यांचे स्विच चालू ठेवून. नव्या वायरिंगचं वाचन एक मेगाओहमच्या खूपच वर आलं पाहिजे. कमी आलं म्हणजे ओढताना कुठंतरी वायर सोलली. टाइल नसताना ती बदलायला अर्धा तास लागतो.

डबेवाली_नाशिक
निरगुडी, सासूबाईंना माझाही नमस्कार. बेसिनच्या डाव्या हाताचा सॉकेट घेताना नळाचं पाणी उडतं ती बाजू बघा. झाकण असलेला सॉकेट मिळतो, तो तिथे लावा.

ढगफुटी
अपडेट देतो. वीजतंत्री आला होता. इन्व्हर्टरचा न्यूट्रल मिसळलेलाच होता. वेगळा केला, बायपास काढला. त्यानंतर आरसीसीबी एकदाही पडलेला नाही. टेस्टचं बटण दाबून बघितलं, लगेच पडला. आता फ्रिजसाठी आरसीबीओ मागवलाय. निरगुडी, तुम्ही इन्व्हर्टर घेणार असाल तर त्याची लाइन आत्ताच वेगळी टाकून घ्या.

निरगुडी
हो, इन्व्हर्टरवर ओट्याचे दिवे, पंखा आणि प्युरिफायर एवढंच घेणार, न्यूट्रल वेगळा. मेगरचं सोमवारी ठरलंय, टाइलवाल्याला बुधवारी बोलावलंय. भार वाढवण्याचा अर्ज आज भरला.